अंबडच्या नाल्यातले क्रोमियम

अंबड एमआयडीसीत बाहेरच्या माणसाच्या नजरेत भरतात त्या मोठ्या कंपन्यांच्या पाट्या. गरवारे पॉइंटवरून आत शिरून एक्सलो पॉइंटकडे निघाले की आडव्यातिडव्या गल्ल्यांमध्ये खरे अंबड दिसते: पत्र्याच्या शेड, बाहेर रचलेल्या बॅरल, टेम्पोत चढणारे ब्रॅकेट, बोल्ट आणि स्विचगिअरचे भाग. गाडीत किंवा इलेक्ट्रिक पॅनलमध्ये बसणारा लोखंडाचा जवळजवळ प्रत्येक तुकडा गंजू नये म्हणून कुठे ना कुठे प्लेटिंगला जातो. झिंक, निकेल, क्रोम. नाशिकच्या उद्योगाला या छोट्या प्लेटिंग शेडशिवाय एक आठवडाही चालणार नाही. आणि नाशिकच्या पाण्यातल्या जड धातूंची गोष्ट सांगायची तर ती इथूनच सुरू करावी लागते.

हार्ड क्रोमच्या टाकीपाशी उभे राहून पाहा. टाकीत क्रोमिक ॲसिडचे गडद तांबूस द्रावण असते, लिटरला साधारण २५० ग्रॅम. रॅक वर येतो, कामगार तो क्षणभर टाकीवर झटकतो आणि शेजारच्या रिन्सच्या, म्हणजे धुण्याच्या, टाकीत बुडवतो. भागाच्या खाचाखोचांत अडकलेले द्रावण त्याच्याबरोबर येतेच. पहिल्या रिन्सचे पाणी पिवळेधमक होते, दुसऱ्याचे फिकट पिवळे, आणि तिसऱ्याचे डोळ्यांना स्वच्छ दिसते. त्या स्वच्छ दिसण्यावर जाऊ नका. २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिडमध्ये १३० ग्रॅम क्रोमियम असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. भागाकार करून पाहा: टाकीतले एक लिटर द्रावण २६ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. दहा हजार लिटरचे २६० टँकर. चहाच्या कपाएवढे, शंभर मिलिलिटर सांडले, तरी २६ टँकर.

क्रोमियमचे दोन अवतार आहेत आणि प्लेटिंगवाले त्यांना लाडाने ‘हेक्झा’ आणि ‘ट्राय’ म्हणतात. ट्राय पाण्यात फारसे विरघळत नाही, गाळात बसते, आणि विषारीपणात बरेच सौम्य आहे. हेक्झा पाण्याबरोबर कुठेही जाते आणि पेशींमध्ये सहज शिरते. श्वासावाटे गेले तर ते फुप्फुसाचा कर्करोग घडवते, याबद्दल आता वाद नाही. क्रोमच्या टाकीवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडते, हे तर व्यवसायजन्य रोगांच्या पुस्तकांतले जुने निदान आहे. हेक्झाचे ट्राय करणे अवघड नसते. सांडपाण्याचा पीएच दोन-तीनवर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचे, पिवळे पाणी हिरवट होताना पाहायचे, मग चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच आठ-नऊपर्यंत चढवायचा. क्रोमियम गाळ होऊन खाली बसते आणि तो गाळ घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवायचा. अवघड आहे ते हे रोज करणे, प्रत्येक बॅचला करणे, ऑर्डरची घाई असताना करणे. युरोपने गाड्यांच्या भागांवरच्या गंजरोधक थरात हेक्झा २००७ पासून बंद केले, तेव्हा निर्यातदारांच्या पुरवठादारांनाही ट्रायकडे वळावे लागले. झिंकवर चढवायच्या त्या थराचा, म्हणजे पिवळ्या पॅसिव्हेशनचा, जमाना बराच ओसरला तो त्यामुळे. हार्ड क्रोममध्ये मात्र हेक्झा अजून ठाण मांडून आहे.

जे पाणी शेडमधून प्रक्रियेविना सुटते ते नाल्याला लागते, आणि सातपूर-अंबडच्या बाजूचे नाले नासर्डीला मिळतात. तिचे मूळ नाव नंदिनी. नदीचे रूप पाहता नासर्डी हेच नाव लोकांच्या तोंडी बसले, यात नवल नाही. टाकळीला ती गोदावरीला मिळते. समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले ते याच संगमावर, नदीच्या पाण्यात उभे राहून, असे परंपरा सांगते. रामकुंड या संगमाच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे कुंभमेळ्याच्या चर्चेत नासर्डी मागे पडते. तिचा त्रास खालच्या लोकांना. पुढे निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरचा बंधारा लागतो, महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. तिथे प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, त्यात पाणपक्षी चरतात. शहराच्या मैल्यातला सेंद्रिय भाग वाटेत कुजून कमी तरी होतो. धातू कुजत नाही. तो गाळात साठतो आणि पुढच्या पुराची वाट पाहतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आयआयटी दिल्लीच्या मदतीने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा नाशिक ‘तीव्र प्रदूषित’ गटात होते. प्लेटिंगवाल्यांसाठी सामायिक प्रक्रिया केंद्र हवे, ही मागणी अंबडमध्ये इतकी जुनी आहे की बैठकांची इतिवृत्तेही पिवळी पडली असतील. त्या राजकारणात मला इथे शिरायचे नाही. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: नाल्यात क्रोमियम आत्ता, या क्षणी आहे का, हे कळते कसे?

आज ते बाटलीतून कळते. नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत न्यायचा, ॲटॉमिक ॲबसॉर्प्शन यंत्रावर किंवा त्याहून महागड्या आयसीपी-एमएसवर तपासायचा. ॲटॉमिक ॲबसॉर्प्शन ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या ॲलन वॉल्श यांनी १९५० च्या दशकात रुळवली आणि ती आजही खात्रीची मानली जाते. तिच्या अचूकपणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार बाटलीबद्दल आहे. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक ॲसिड टाकून त्याचा पीएच दोनच्या खाली ठेवायचा असा रिवाज आहे, म्हणजे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत. पण त्याच आम्लात, मैलापाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांच्या सहवासात, हेक्झाचे ट्राय होऊ लागते. म्हणून हेक्झासाठी वेगळी बाटली लागते, आम्ल न घातलेली, उलट पीएच नऊच्या वर नेलेली आणि थंड ठेवलेली. एकाच नमुन्यावर दोन्ही तपासण्या उरकल्या, तर एकूण क्रोमियम बरोबर निघते आणि खरा गुन्हेगार वाटेतच वेष बदलतो. दुसरी अडचण वेळेची. टाकी रिकामी होते रात्री, नाहीतर पहिल्या जोरदार पावसात. नमुना घेतला जातो ऑफिसच्या वेळात.

सतत मोजणाऱ्या ऑनलाइन यंत्रांची सक्ती केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये केली, ती अतिप्रदूषणकारी ठरवलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांना. त्या सतरांत साखर कारखाने आहेत, डिस्टिलरी आहेत, औषध कंपन्या आहेत. गल्लीतली प्लेटिंगची शेड त्यात नाही. असती तरी त्या किमतीचे यंत्र तिला परवडले नसते. नॅनोकणांच्या मदतीने पाण्यातले धातू ओळखणाऱ्या नॅनो सेन्सरची खरी जागा दिसते ती इथे, या फटीत.

नॅनोचे कौतुक करताना लोक लहान आकारावर भर देतात. रसायनशास्त्रज्ञाला त्यात रस असतो तो पृष्ठभागामुळे. एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा दहा नॅनोमीटरच्या कणांत चिरला, तर क्षेत्रफळ होते ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास साडेसहा हजार चौरस फूट. धातूचे आयन पकडायला तेवढी जागा मिळते. शिवाय इतक्या लहान आकारात पदार्थाचे रंग आणि चकाकी आकारानुसार बदलतात, आणि बदलणारी कोणतीही गोष्ट मोजमापाला उपयोगी पडते.

सोन्याचे उदाहरण सर्वांत देखणे आहे. साधारण १३ नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात तरंगत असले तर द्रावण माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये असे द्रावण करून त्याचा अभ्यास केला. सायट्रेटने ते हमखास बनवायची कृती १९५१ मध्ये टर्केविच यांनी दिली आणि आज एमएस्सीची मुलेही ती करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण काढून दाखवले. या लाल द्रावणाची गंमत अशी की कण एकमेकांजवळ आले, गोळा झाले, की रंग जांभळा-निळा होतो. मग कणांवर अशी रेणूंची शेपटी लावायची, की ठरावीक धातू आला की ती जोडली जावी किंवा तुटावी. चॅड मर्किन यांच्या अमेरिकेतल्या गटाने १९९६ मध्ये सोन्याच्या कणांना डीएनए जोडले आणि २००७ मध्ये त्याच तत्त्वावर पारा ओळखला: डीएनएतल्या दोन थायमिनच्या मध्ये पाऱ्याचा आयन नेमका बसतो. यी लू आणि जुवेन लिऊ यांनी २००३ मध्ये शिशासाठी वेगळी युक्ती केली. शिसे आले की स्वतःचाच धागा कापणारा डीएनए त्यांनी वापरला. धागा तुटला की कण सुटे होतात आणि निळे द्रावण लाल होते. यंत्र नको, वीज नको, डोळे पुरे.

आता हे लाल द्रावण घेऊन नासर्डीच्या काठी या. नाल्याच्या पाण्यात एक थेंबही शिसे नसले तरी सायट्रेटवाले साधे द्रावण निळे पडण्याची शक्यता दांडगी, कारण सोन्याचे कण गोळा व्हायला नुसते मीठ पुरते. सांडपाण्यात क्षार भरपूर, साबण भरपूर, तेलाचा तवंग वेगळाच. प्रयोगशाळेत ‘नदीच्या पाण्यात चाचणी यशस्वी’ असे जेव्हा लिहिलेले असते, तेव्हा ते पाणी बहुधा गाळलेले असते, पातळ केलेले असते, आणि धातू त्यात वरून घातलेला असतो. यात लबाडी नाही. शास्त्राची ती पहिली पायरी आहे. पण त्या पायरीवर उभे राहून ‘आता नद्या वाचतील’ अशी बातमी छापणे जरा जास्तच होते.

दुसरा मार्ग विजेचा, आणि मला तोच जास्त भरवशाचा वाटतो. त्याचे मूळ प्रागच्या यारोस्लाव्ह हेरोव्स्की यांच्या १९२२ च्या कामात आहे; त्याबद्दल त्यांना १९५९ चे नोबेल मिळाले. त्यातून पुढे निघालेली पद्धत अशी. इलेक्ट्रोडला ऋण विद्युतदाब द्यायचा आणि काही मिनिटे थांबायचे. पाण्यातले शिसे, कॅडमियम, झिंक त्याच्यावर येऊन बसतात. म्हणजे आपण धातूंचे अगदी सूक्ष्म प्लेटिंगच करतो! मग दाब हळूहळू धन बाजूला सरकवत न्यायचा. प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या दाबाला सुटून परत पाण्यात उतरतो आणि उतरताना प्रवाहाचा एक उंचवटा दाखवतो. नेहमीच्या संदर्भ इलेक्ट्रोडशी तुलना केली तर आधी झिंक, उणे एक व्होल्टच्या आसपास. मग कॅडमियम, मग उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास शिसे, आणि शेवटी तांबे. उंचवटा कुठे आहे त्यावरून धातू कळतो, किती उंच आहे त्यावरून प्रमाण. पाण्यातले विष शोधायला पूर्वी इलेक्ट्रोड म्हणून पारा वापरायचे, हा त्यातला विनोद. २००० मध्ये जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी पाऱ्याच्या जागी बिस्मथचा पातळ थर चालतो हे दाखवले. बिस्मथ तुलनेने निरुपद्रवी धातू. पुढे बिस्मथचे नॅनोकण, ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब यांचे थर छापील पट्ट्यांवर चढवले जाऊ लागले. मधुमेही घरी बोटाला सुई टोचून ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवतात, तिच्यावरही असेच छापलेले इलेक्ट्रोड असतात. किंमत, आकार आणि हाताळणी यांचे गणित त्या पट्टीने आधीच सोडवून ठेवले आहे.

घरगुती पाण्यातल्या शिशासाठी हे उत्तमच. नाशिकची तांबट आळी आणि तिथली तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. त्या भांड्यांना कल्हई करताना कथलात स्वस्तातले शिसे मिसळले गेले तर ते आंबट आमटीत उतरते. अशी शंका दूर करायला शिशाची पट्टी फार उपयोगी पडेल.

पण क्रोमियम शिशासारखे वागत नाही. शिसे, कॅडमियम यांचे आयन धनभारित असतात, म्हणून ते ऋण इलेक्ट्रोडकडे ओढले जातात. हेक्झा क्रोमियम ऑक्सिजनच्या गराड्यात, ऋणभारित क्रोमेट होऊन फिरते. वरची युक्ती त्याला जशीच्या तशी लागू होत नाही. सोन्याचे नॅनोकण चढवलेला इलेक्ट्रोड इथे कामी येतो: आम्लात बुडवला की त्याच्यावर हेक्झाचे ट्राय होते आणि त्या क्रियेचा प्रवाह मोजता येतो. ट्राय त्याला दिसत नाही, हेक्झाच दिसते, आणि आपल्याला तेच हवे आहे. म्हणजे रिन्सच्या टाकीशेजारी मेटाबायसल्फाइटने जे काम करायचे, तेच इथे विजेने, अगदी थेंबभर प्रमाणात होते.

आणखी एक दावेदार म्हणजे कार्बन डॉट्स. निळा प्रकाश देणारे हे कार्बनचे कण लिंबाच्या रसापासून दुधापर्यंत कशातूनही करतात, त्यामुळे महाविद्यालयीन प्रयोगशाळांचे ते लाडके आहेत. क्रोमेट मिसळले की त्यांचा प्रकाश मंदावतो. बऱ्याचदा त्याचे कारण साधे असते: क्रोमेट स्वतः पिवळे असते आणि डॉट्सना उजळवणारा अतिनील प्रकाश तेच गिळते. मग दुसरा कोणताही पिवळा रंग, हळदीच्या कारखान्याचा का असेना, तोच परिणाम करू शकतो. म्हणून असा सेन्सर ‘निवडक’ आहे असे वाचले की मी आधी पाहतो, त्यांनी शेजारी कोणकोणते पिवळे पदार्थ ठेवून पाहिले ते.

संशोधनाचा कल आज कमीत कमी किती मोजता येते, याच्या शर्यतीकडे आहे. आणि पारा व शिसे यांच्यावर जेवढी शाई खर्च होते तेवढी निकेल आणि हेक्झा क्रोमियमवर होत नाही. अंबडची गरज वेगळी आहे. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात हेक्झाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. साध्या डायफिनाइलकार्बाझाइडच्या चाचणीत त्या पातळीलाही गुलाबी-जांभळी छटा येते. त्यासाठी नोबेल विजेते तंत्र लागत नाही. लागतो तो असा सेन्सर, जो नाल्याच्या चेंबरमध्ये महिनाभर लटकला तरी शेवाळ, ग्रीस आणि साबणाच्या थराखाली आंधळा होणार नाही. जो स्वतःहून पीएच ठरवून, आम्ल घेऊन, इलेक्ट्रोड धुऊन पुन्हा शून्यावर येईल. त्याचा आकडा वीस टक्क्यांनी चुकला तरी बिघडत नाही. रात्री अडीचला कुठल्या चेंबरात पातळी एकदम वीसपट झाली, एवढे त्याने सांगितले तरी पुष्कळ. दहा चेंबरांत दहा ओबडधोबड सेन्सर असले, तर गळती कोणत्या गल्लीतून आली हे नकाशावर दिसते. एकच अचूक यंत्र नदीच्या मुखाशी ठेवून ते कधीच कळणार नाही.

एक मर्यादा मात्र मान्य करून चालायला हवी. प्लेटिंगच्या पाण्यात सायनाइड, अमाइन, ईडीटीए असे पदार्थ धातूंना घट्ट धरून ठेवतात. झिंक-निकेलच्या बाथमध्ये तर ते मुद्दाम घातलेले असतात. सेन्सरला मोकळे आयन दिसतात, धरून ठेवलेले दिसत नाहीत. कायदा मात्र एकूण धातू विचारतो. त्यामुळे निकेलच्या बाबतीत सेन्सर ‘सगळे ठीक’ म्हणेल आणि प्रयोगशाळा ‘मर्यादेच्या वर’ म्हणेल, आणि दोघेही खरे बोलत असतील.

कायद्याच्या बाजूनेही बाटलीचे महत्त्व कमी होत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा याची रीतच ठरवून दिली आहे: कारखानदाराला नोटीस, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या, मग प्रयोगशाळा. मोबाइलवर आलेला सेन्सरचा इशारा न्यायालयात त्या बाटलीची जागा घेणार नाही. तो फार तर सांगेल की बाटली कुठे आणि केव्हा भरायची. अधिकाऱ्याला गल्लीचे नाव आणि वेळ मिळाली, तर सध्याच्या मनुष्यबळातही धाड वाया जाणार नाही.

या सेन्सरचे पहिले गिऱ्हाईक मंडळ किंवा महापालिका असेल असे सगळे गृहीत धरतात. मला ते प्लेटिंगवाला असावे असे वाटते. रिन्समध्ये वाहून जाणारे क्रोमिक ॲसिड त्याने पैसे मोजून आणलेले असते. दुसऱ्या रिन्सच्या टाकीत हेक्झा किती झाले हे दर तासाला समजले, तर पहिल्या रिन्सचे पिवळे पाणी बाष्पीभवनाने खाली गेलेल्या बाथमध्ये परत कधी घालायचे, रॅक किती सेकंद जास्त निथळू द्यायचा आणि मेटाबायसल्फाइट नेमके किती टाकायचे, हे त्याला अंदाजाने ठरवावे लागणार नाही. शिवाय ते पाणी नाल्यातल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ असते: त्यात मैला नाही, शेवाळ नाही, साबण नाही, आणि कोणता धातू आहे हे आधीच ठाऊक असते. नॅनो सेन्सर जिथे आजच्या घडीला खरोखर टिकेल, अशी अंबडमधली जागा बहुधा तीच आहे.